काडीला मूळ फुटतं तेव्हा...

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्यंतरी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे डॉक्टरांनी कॉम्प्युटरसमोर बसायला मनाई केली होती. "सर, ब्लॉग बंद केलात का?" असे दोन-तीन निरोप आले, बरं वाटलं. बंद नाही केला, मंडळी. डोळा बरा व्हायची वाट पाहत होतो.

आजचा विषय ऐकून घरची मंडळी जरा दचकतील. विषय आहे काडीचा, म्हणजे छाट कलमाचा. आणि त्या ओघात गांजाचा. हो, गांजाचाच. आता पंचाहत्तरीला आलेल्या मास्तरला हे काय सुचलं, असं म्हणू नका. सगळं सांगतो.

झालं असं की आपल्या नात्यातला एक मुलगा कॅलिफोर्नियात असतो. कोणता, ते विचारू नका, आणि ओळखलंत तरी कॉमेंटमध्ये नाव लिहू नका. दिवाळीच्या सुमारास त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "काका, तुम्ही गुलाबाच्या, द्राक्षाच्या काड्या लावता ना? मूळ हमखास फुटायला काय करायचं असतं?" मला आनंद झाला. म्हटलं, पोरगं बागकामाला लागलं. विचारलं, "कशाची काडी?" तर थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "तुम्हाला राग येईल, पण इथे कायदेशीर आहे. मित्र गांजाच्या फांद्या देणार आहे."

राग आला नाही. पण मन एकदम १९९२ सालात गेलं.

भूकंपाच्या आदल्या वर्षाची गोष्ट. तेव्हा मी भूम तालुक्यातल्या एका गावी शाळेवर होतो. नववीच्या वर्गात एक मुलगा होता. हुशार म्हणावा असा नव्हे, पण नकाशे फार सुंदर काढायचा. एकदा पाठीवर हात फिरवून मी म्हणालो होतो, "तू सर्व्हेअर होशील." त्याच वर्षी त्याच्या वडिलांच्या तुरीत गांजाची झाडं सापडली. किती होती? कोणी म्हणे वीस, कोणी म्हणे दोनशे. बांधाच्या भांडणातून कोणीतरी कळवलं होतं. झाडं उपटली, पंचनामा झाला, वडिलांना नेलं.

त्या मुलाची आई माझ्याकडे आली होती. पदर डोक्यावर घेऊन ओट्याच्या खाली उभी. म्हणाली, "सर, तुमी निसतं कोर्टात येऊन सांगा, मानूस वाईट न्हाई म्हून." मी म्हणालो, "बघतो." मी गेलो नाही. सरकारी नोकर, त्यात शिक्षक, त्यात गांजाची केस... मला भीती वाटली, हे खरं कारण. तेव्हा स्वतःला मी वेगळं कारण सांगितलं होतं, की साक्ष देण्यासारखं आपल्याला काही माहीतच नाही.

माणूस चार वर्षांनी सुटला. पण पोरानं त्याच साली शाळा सोडली होती आणि आईबरोबर ऊसतोडीला गेला होता.

असो. त्या पोराकडे पुन्हा येतो. आधी थोडा इतिहास सांगू द्या, कारण या प्रकरणानंतर मी तो जमेल तसा वाचत आलो आहे.

१८९३ साली इंग्लंडच्या पार्लमेंटात प्रश्न निघाला की हिंदुस्थानात गांजा, भांग, चरस यांच्या सेवनाचा लोकांवर काय परिणाम होतो? त्यावर सरकारने एक आयोग नेमला. 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन'. मॅकवर्थ यंग अध्यक्ष, एकूण सात सभासद, त्यात तीन हिंदी. या आयोगाने देशभर फिरून ११९३ साक्षी नोंदवल्या आणि १८९४ साली सात खंडांचा अहवाल दिला. त्यात साधू-फकिरांपासून सिव्हिल सर्जनपर्यंत सगळ्यांचं ऐकलं आहे. वेड्यांच्या इस्पितळातली रजिस्टरं तपासली, तेव्हा कळलं की 'वेडाचं कारण: गांजा' हे पुष्कळदा चौकशी न करताच लिहून टाकलं जात होतं. आयोगाचा निष्कर्ष असा की माफक सेवनाने म्हणण्यासारखी हानी होत नाही, अति केल्यास होते. आणि संपूर्ण बंदी घालू नये, कर आणि परवाने यांनी आळा घालावा.

त्याच अहवालात लागवडीची वर्णनं आहेत, आणि शेतकऱ्याच्या पोराने वाचावीत इतकी ती बारकाईची आहेत. बंगालात राजशाहीकडे नौगाव भागात, मध्य प्रांतात खांडव्याकडे, आणि आपल्या मुंबई इलाख्यात नगर, सातारा बाजूला ही लागवड होत असे. बंगालात वळून गोल केलेला आणि चपटा असा दोन्ही प्रकारचा माल होई, तर आपल्याकडचा पायाने तुडवून चपटा केलेला.

या झाडाची गंमत अशी आहे की पपईसारखं यात नर वेगळा आणि मादी वेगळी. गांजा म्हणजे मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, तेही परागीभवन न झालेले. शेतात एखादा नर राहिला तर त्याचा पराग उडतो, मादीला बी धरतं आणि माल बिघडतो. म्हणून नौगावकडे खास जाणकार माणूस बोलावत. तो वाफ्यावाफ्यातून फिरून, फुलायच्या आधीच नर ओळखून उपटून टाकायचा. इंग्रज अधिकारी त्याला 'गांजा डॉक्टर' म्हणत. बी लावलं की साधारण निम्मी झाडं नर निघणार, आणि लहानपणी ती ओळखू येत नाहीत. म्हणजे निम्मी मेहनत उपटून टाकण्यासाठीच.

आता कळलं ना, आपला कॅलिफोर्नियाचा पाहुणा काडी का मागत होता? मादी झाडाची काडी लावली तर येणारं झाड मादीच. बिनबियांच्या गांजाला तिकडे स्पॅनिशमधून आलेला शब्द आहे, 'सिन्सेमिया'. अर्थ सरळच, बी नसलेला.

आणि इथे मला आपल्या द्राक्षाची आठवण झाली. तुळजापूर, धाराशिव, भूम, परंडा भागात आज ज्या बागा दिसतात त्यांचा मूळपुरुष 'थॉमसन सीडलेस'. तोही बिनबियांचा. ज्याला बीच नाही तो वाढणार कसा? काडीनेच. विल्यम थॉमसन नावाच्या गृहस्थाने १८७२च्या सुमारास न्यूयॉर्कच्या एका रोपवाटिकेतून काही काड्या कॅलिफोर्नियात मागवल्या आणि त्यातली एकच जगली, अशी हकीगत सांगतात. मुळात ही जात इराण-तुर्कस्तानकडची किसमिस. ती युरोप-अमेरिका फिरून, थॉमसनचं नाव लावून, साठच्या दशकात आपल्याकडे रुळली. पुढे सोलापूरजवळ नान्नजला नानासाहेब काळ्यांना बागेत एका फांदीवर वेगळे, लांबट मणी दिसले. त्यांनी तीच काडी वाढवली, ती 'सोनाका'. तासगाव तालुक्यात बोरगावला वसंतराव आरव्यांना अशीच निराळी फांदी सापडली, ती 'तास-ए-गणेश'. म्हणजे हजारो एकरांच्या बागा, पण मूळ एका काडीत!

पुढे पाणी कमी आणि खारं होत गेलं, तशी जमिनीत टेक्सासची 'डॉगरीज' आली. आता आपल्याकडे मुळं टेक्सासची आणि वर थॉमसनचा वंश, असा संसार आहे. साधारण फेब्रुवारी-मार्चला खुंट रोप लावतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरला त्यावर कलम भरतात.

हे सगळं मी पुस्तकात वाचलं, पण हाताने शिकलो ते त्या नववीतल्या पोराकडून.

निवृत्त होऊन धाराशिवला घर बांधलं तेव्हा अंगणात एक द्राक्षाचा वेल असावा अशी हौस होती. छाटणीच्या वेळी एका ओळखीच्याकडून दहा काड्या आणल्या. झोकात लावल्या, रोज सकाळ-संध्याकाळ तांब्याने पाणी. दहाच्या दहा काळ्या पडल्या. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी सोलापूर रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेत तयार रोपच घ्यावं म्हणून गेलो, तर गुडघ्यावर बसून पिशव्या भरणारा माणूस उठून उभा राहिला. "सर, वळखलं का?"

नकाशे काढणारा मुलगा. केस पांढरे झालेले. ऊसतोडीतून सुटून नान्नजकडे बागेत कामाला लागला, तिथे कलमं भरायला शिकला, आणि आता चार लोकांना शिकवत होता. माझी हकीगत ऐकून हसला. म्हणाला, "सर, काडी उलटी तर लावली न्हाई ना?"

मित्रहो, मी खरोखरच निम्म्या उलट्या लावल्या असणार! काडीला वर-खाली असतं, हे मला कुठे माहीत होतं? वेलावर जी बाजू बुडख्याकडे, तीच मातीत जायला हवी. म्हणून माळी लोक खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका घेतात आणि वरचा आडवा. मग गठ्ठ्यात मिसळल्या तरी ओळखू येतात. किती साधी युक्ती!

जर्मनीत हेर्मान फेश्टिंग नावाच्या शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये विलोच्या काड्या उलट्या-सुलट्या टांगून दाखवलं होतं की काडी कशीही धरा, मुळं मूळच्या खालच्याच टोकाला येतात. त्याचं कारण पुढे सापडलं. कोवळ्या शेंड्यात एक द्रव्य तयार होतं, ते वरून खाली वाहत जातं आणि खालच्या कापाशी साचतं, तिथे मूळ फुटतं. हॉलंडच्या फ्रिट्स वेंटने १९२०च्या दशकात या द्रव्याचा पुरावा दिला. १९३५ मध्ये अमेरिकेत झिमरमन आणि विलकॉक्सन यांनी आयबीए नावाचं रसायन मुळं फोडायला उपयोगी असल्याचं दाखवलं. आज कृषी सेवा केंद्रात मिळणारी 'मुळाची पावडर' म्हणजे बहुतेक तेच.

माझा विद्यार्थी हे काही वाचलेला नाही. पण त्याने शिकवलेलं सगळं या शास्त्राला धरून होतं. काडी पक्व, पेन्सिलएवढी जाड, तीन-चार डोळ्यांची. धारदार कात्री, चेंगरलेला काप कुजतो. दोन डोळे मातीत, बाकीचे वर. माती भुसभुशीत, पाणी निचरणारी. आणि माझ्यासारख्या नवशिक्याचे दोन मोठे गुन्हे त्याने नेमके सांगितले. एक म्हणजे पाण्याचा मारा. "सर, मूळच न्हाई तर पानी पिनार कोन? निसती वल पायजे." दुसरा म्हणजे उपटून बघणं. रोज काडी हलवून मूळ आलं का पाहिलं की बारीक मुळं तुटतात. काडी फुटली, दोन पानं आली म्हणजे मूळ आलं असं नाही. ती पानं काडीतल्या साठ्यावर येतात. खरी मुळं यायला तीन-चार आठवडे लागतात.

हिरव्या, कोवळ्या फांद्यांचं थोडं वेगळं. त्यात साठा नसतो आणि पानांतून पाणी उडून जातं. म्हणून तिथे पानं निम्मी कापायची, सावलीत ठेवायचं, वर प्लॅस्टिकची पिशवी झाकून आत दमटपणा धरायचा आणि मूळ धरलं की हळूहळू हवा द्यायची. जास्वंद, शेवंती, तुळस सगळ्यांना हेच लागू. आणि अर्थात त्या पाहुण्याच्या फांद्यांनाही.

फोनवर मी त्याला हे सगळं सांगितलं. सांगताना मला लख्ख कळत होतं की हे ज्ञान माझं नाही. ज्या झाडापायी ज्या पोराची शाळा सुटली, त्याच पोराचं ज्ञान मी तेच झाड लावायला सातासमुद्रापलीकडे पाठवतोय. फोन ठेवल्यावर रात्रभर झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी मीच फोन केला. म्हटलं, बाबा रे, तुझ्याकडे २०१६च्या मतदानाने एकवीस वर्षांवरच्या माणसाला घरात सहा झाडं लावता येतात, हे मी वाचलं. पण ते तुझ्या राज्यात. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कायद्यात ते तसं नाही. आणि तू अजून तिथला नागरिक नाहीस. त्यांच्या नागरिकत्व खात्याने २०१९ मध्ये स्पष्ट करून टाकलंय की राज्यात कायदेशीर असलं तरी गांजासंबंधीच्या गोष्टींमुळे नागरिकत्वाच्या अर्जात चारित्र्याच्या मुद्द्यावर अडचण येऊ शकते. आधी वकिलाला विचार, मग फांद्या आण. तो जरा वैतागला. "काका, इथे लोक टोमॅटोसारखं लावतात." मी म्हटलं, "लावत असतील. लोक तुझ्या अर्जावर सही करणार नाहीत."

आपल्याकडची कथा तर अजून विचित्र. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यात गांजा येत होताच. १९६१ साली अंमली पदार्थांचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि भारतासारख्या देशांना हे जुनं सेवन बंद करायला पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. ती संपायच्या आत, १९८५ मध्ये, एनडीपीएस कायदा आला. गांजाची व्याख्या फुलोऱ्याच्या शेंड्यांपुरती. नुसती पानं आणि बी त्यात येत नाहीत, म्हणून काही राज्यांत भांगेची सरकारमान्य दुकानं चालतात. १९९२ साली एका झाडालाही पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकत होती, आणि १९८९च्या दुरुस्तीने जामीनही अवघड झालेला. २००१च्या दुरुस्तीत बाळगण्याच्या शिक्षा वजनाप्रमाणे ठरल्या, पण लागवडीची शिक्षा दहा वर्षांपर्यंत गेली. आज तीच आहे. तेव्हा हा लेख वाचून इथे कुणी प्रयोग करू नये. उत्तराखंडाने २०१८ पासून धाग्यासाठी, बियांसाठी कमी नशेच्या वाणाला परवाने दिले. २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याच्या बियांना, तेलाला खाण्यासाठी मान्यता दिली. २०२० साली संयुक्त राष्ट्रांत गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी झाला, त्यात भारताचं मत बाजूने होतं!

मी गांजाची वकिली करत नाही. चिलमीपायी संसार धुळीला मिळालेले मी गावात पाहिले आहेत. कोवळ्या वयातल्या पोरांनी तर त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये, असं माझं ठाम मत आहे. मला एवढंच म्हणायचं आहे की झाड तेच असतं. १८९४ साली ते कराचं उत्पन्न होतं, १९९२ साली भूममध्ये गुन्हा होतं, आज कॅलिफोर्नियात खिडकीतली कुंडी आहे. आपली अंबाडी घ्या. पानं इतकी त्यासारखी की शास्त्रज्ञांनी नावच 'हिबिस्कस कॅनाबिनस' ठेवलं, म्हणजे गांजासारखी जास्वंद. ती आपण भाकरीबरोबर खातो. झाडाला कायदा कळत नाही. कायदा माणसाला भोगावा लागतो, आणि कुणाच्या वाट्याला कोणतं साल आणि कोणतं गाव येईल, ते त्याच्या हातात नसतं.

आठ दिवसांनी कॅलिफोर्नियातून निरोप आला. "काका, वकील तेच म्हणाला. राहू दे." मी सुटकेचा श्वास टाकला.

पण माझं एक काम बाकी होतं. जानेवारीत रोपवाटिकेत गेलो. तो डॉगरीजच्या काड्यांचे गठ्ठे बांधत होता. शेजारच्या बाजेवर बसून मी त्याला सगळं सांगितलं. फोन, फांद्या, कॅलिफोर्नियातली सहा झाडं. आणि त्याच दमात हेही सांगितलं की तुझी आई माझ्याकडे आली होती, मी कोर्टात गेलो नाही, भ्यालो होतो.

त्याने हातातलं काम थांबवलं नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "आई बोलली हुती सर. मला ठावं हाय."

म्हणजे इतकी वर्षं त्याला माहीत होतं. माझी काडी उलटी लागली म्हणून हसला तेव्हाही माहीत होतं. मला पुढे काही बोलता येईना.

मग त्यानेच विचारलं, "तिकडं खरंच चालतंय का? सहा झाडं?"

"चालतं."

"बाप असता तर इस्वास बसला नसता त्याचा." एवढं बोलून त्याने पिशवीतल्या मातीत बोट घालून ओल पाहिली आणि पोराला हाक मारली, "ए, ह्येला आज पानी नगं." निघताना डॉगरीजच्या दोन काड्या मला दिल्या. खालचा काप तिरका होता. तरीही गाडीत बसल्यावर मी दोनदा पाहून घेतलं.

काड्या लावल्या आहेत. तीन आठवडे झाले. उपटून पाहिलेल्या नाहीत.

तुमच्यापैकी कुणी काड्या लावत असाल तर कोणती जगली, कोणती गेली, जरूर कळवा. आणि आपण एखाद्या ठिकाणी जायला हवं होतं, गेलो नाही, असं कुणाचं राहिलं असेल तर माझ्यासारखी तीस वर्षं लावू नका, एवढंच सांगतो.